डिलीट केलेलं लग्न

१० जाने., शनि.

आणि हो, मीच बरोबर होते. दादा कालपासून म्हणतोय डिलीट म्हणजे गेलं. गेलेलं नसतं. कॉम्प्युटर फक्त यादीतून नाव काढतो. आमच्या बिल्डिंगच्या बोर्डावरून भाडेकरूचं नाव पुसलं तरी माणूस रूममध्येच बसलेला असतो ना, नवीन कोणी राहायला येईपर्यंत? तसं. दादा म्हणे, मग तोपर्यंत लाईटबिल कोण भरतं. इरिटेटिंग.

पण आज खरी केस मिळाली. खालच्या मालकीणकाकू पेनड्राइव्ह घेऊन वर आल्या. सोनालीताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ. अर्धे गायब. काकूंचा एकुलता भाऊ, म्हणजे ताईचे मामा, मागच्या फेब्रुवारीत गेले. वर्षश्राद्ध जवळ आलंय, भिंतीवर लावायला फोटो हवाय. चांगला एकच, लग्नातला, फेटा घातलेला.

"आधारकार्डावरचा लावू का गं? त्यात त्यो चोरावानी दिसतुया."

फोटोवाल्याने दुकान कधीच बंद केलं. अल्बम ताईच्या सासरी, आणि तिकडे मागणार कोण. ताई दिवाळीपासून इथेच आहे. का ते कोणी बोलत नाही, आई विचारू देत नाही. काकूंच्या मते व्हायरस. मी एका सेकंदात हो बोलून टाकलं.

११ जाने., रवि.

रूल नंबर वन: फाइल गेली की त्या पे.ड्रा.वर नवीन काही टाकायचं नाही. जुन्याच्या जागेवर लिहिलं जातं. काकूंना विचारलं, फोटो गेल्यावर यात काही भरलं का.

"व्हय की. जागा मोकळी दिसली, मग त्या मोबाईलवाल्याकडून कीर्तनं भरून आनली."

फाइली परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्कॅन लावला.

जेवून येईपर्यंत आले परत. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, नुसते नंबर. क्रमही नाही. आधी पाठवणीला रडतायत, मग हळद, मग पंगती, मग मांडव अजून बांधतायत. प्रत्येक फोटो उघडून बघावा लागतोय. आम्ही तेव्हा नांदेडला होतो, मी या लग्नात नव्हतेच, पण आता ताईच्या सगळ्या मावश्या मला रस्त्यात ओळखू येतील.

१२ जाने., सोम.

मामा सापडले. पण फेटा, डोळे, मिशी, एवढेच. मिशीखाली सगळा फोटो राखाडी. तिथे कीर्तन बसलंय.

काकूंना दाखवला. त्यांनी राखाडी भागावर बोट ठेवलं. "हितं त्याचा हात हुता." मग विचारलं, कीर्तन काढून टाकलं तर खालचा मामा निघंल का.

नाही काकू. तसं नाही होत. डिलीट केल्याने जात नाही, वर दुसरं बसलं की जातं. आणि गेलं की मग खरंच जातं. हे मी कॉलेजमध्ये प्रेझेंटेशनला असं हसत हसत सांगितलं होतं.

१३ जाने., मंगळ.

मामांचा पूर्ण फोटो मिळाला! मंगलाष्टकं चालू आहेत, ताईच्या मागे मामा ताठ उभे.

पण दुसरंच काहीतरी डोक्यात बसलंय. पे.ड्रा.वर जे शाबूत होते ते आणि मी परत आणले ते शेजारी शेजारी लावले. शाबूत असलेल्यांत मेंदी, हळद, काकूंच्या जावा, आचारी, मांडवात शिरलेलं कुत्रं पण. गेलेल्या प्रत्येक फोटोत ताईचा नवरा. एकही सुटलेला नाही. लांब मागे हात धुणारा तो, तो फोटो पण गेलेला.

व्हायरसला जावई कसा ओळखू येईल?

मामा पण त्यातच गेले. मंगलाष्टकांना मामा नवरीमागे उभा, समोर अंतरपाट, पलीकडे नवरा. फेटा घातला तेवढ्यापुरताच. बाकी दिवसभर मामा पंगतीत वाढत होते, पाठमोरे.

दादाला सांगितलं. त्याने चिडवलं नाही. "बंद कर ते," एवढंच.

१६ जाने., शुक्र.

खाली काकूंचं हळदीकुंकू. आई खाली. सो.ताई वर आमच्याकडे येऊन बसली. बायका विचारतात, जावई न्यायला कधी येणार, म्हणून. तिळगूळ खात खात इकडची तिकडची बडबड केली, मग माझ्या खोलीत आली आणि लॅपी उघडा होता. मी मूर्ख.

"हे कुठून आलं?"

मी सांगितलं. नर्व्हस झाले की मी लेक्चर देते, ते पण दिलं. यादी, जागा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अख्खी दुपार बसून एकेक काढला होता मी," म्हणाली. "तिकडून आल्यापासून मी माझ्या मनानं केलेली ती एकच गोष्ट."

मग एका फोटोवर थांबली. नवरा काहीतरी सांगतोय आणि ही खो खो हसतेय. म्हणाली, "बघ कशी हसतेय. हे मला बघवत नाही. तो नाही, ही."

काकूंना फक्त मामा हवेत, हे मी सांगितलं. ती म्हणाली मामा दे की, मामाला मी कशाला काढीन, तो मधे आला. आणि बाकीचं परत कधीच येणार नाही असं करता येतं का? येतं. वर काहीतरी भरायचं.

"मग भर. काहीपण भर."

१८ जाने., रवि.

फोटो अंतरपाटापाशी कापला. मामा, ताईचं डोकं, मुंडावळ्या, कापडाची कड. पौडला जाऊन मोठी प्रिंट काढली. पे.ड्रा. पण काठोकाठ भरून टाकला, त्यातून आता कोणी काही काढू शकत नाही. उरलंय ते फक्त माझ्या लॅपीवर.

काकूंनी प्रिंट दोन्ही हातांनी घेतली. खूप वेळ बघितली. मग कडेवरून अंगठा फिरवला. "हितनं कापलाय न्हवं? म्हंजी बाकीचं बी आलंय."

मी मान डोलावली.

"मला ठावं हाय कुणी काढलं ते. ह्यांच्या म्होरं व्हायरसच म्हनावं लागतं." मग आवाज खाली आणून, "त्या मानसाचं तोंड मला बी बघायचं न्हाई. पर त्यात माजी सोनी हसतीया. तशी हसल्याली आता कुटं दिसती? ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तिला नगं सांगू."

दोघींना एकच फोटो दिसतोय. एकीला तो ठेवायचाय, एकीला घालवायचाय. नवऱ्याला कापून काढता येईल, पण भांडण नवऱ्याचं नाहीच.

१९ जाने., सोम.

ताई सकाळी जिन्यात भेटली. "भरलंस?" मी बोलले, पे.ड्रा. भरला. हे खोटं नाही. पूर्ण खरं पण नाही. ती "थँक्स" म्हणाली आणि डोक्यावर टपली मारून खाली गेली. शिट्टी वाजवत. तिला शिट्टी येते हे मला माहीतच नव्हतं.

दादा म्हणतो, फोटो तिचे, विषय संपला. आई म्हणते, असू दे, राग उतरल्यावर तीच मागायला येईल. आईचं ऐकून मला राग आला, पण असं झालं तर? आणि खाली काकू दिसल्या की नुसतं माझ्याकडे बघतात. विचारत नाहीत.

फोल्डर उघडला नाही. बंद ठेवलाय. म्हणजे काहीच केलं नाही.

हे पान कधी कोणाला वाचायला दिलं तर आधी एवढंच विचारणार, खरं सांग, माझ्या जागी तू असतास तर ताईचं ते हसणं ठेवलं असतंस का?