तोरण तोडलेल्या मोटारसायकलीची सुटका

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, सौंसर, जि. छिंदवाडा (म.प्र.)

अर्जदार: मुकुंद चिंधूजी कळंबे, मेकॅनिक, मौजे पिंपळझिरी, ता. सौंसर

विषय: कोंडवाड्यात जनावर म्हणून डांबलेली मोटारसायकल दसऱ्यापूर्वी सोडून मिळणेबाबत.

संदर्भ: याच विषयाचे दोन हिंदी अर्ज. पोचले, एवढे शिपाई सांगतो. कुठे, ते सांगत नाही.

महोदय,

सविनय निवेदन असे की, सदर गाडीतून अर्जदारास काय मिळायचे होते ते आधी मांडलेले बरे. बोरगावच्या कारखान्यात फोरमनची खुर्ची, गाडीच्या पेट्रोल टाकीवर स्वतःचे नाव, आणि सासरे पुंडलिकराव यांच्या तोंडून 'जावईबापू' ही हाक. अर्जदार विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो म्हणून आजवर ते 'आमचा पंपवाला' म्हणत आले.

गाडी साडेतीनशे सीसीची, मध्यम वजनाची, अर्जदाराने तीन वर्षे खपून स्वतः बनविलेली. इंजिनावर पत्रा नाही, सारे उघडे. वारा लागला तरच ते थंड राहते. बोरगावचे शेठ म्हणाले, दसऱ्याला चालती दाखवा, कारखान्यात बनवायला घेतो. पण आधी चार लोकांत फिरवा. अर्जदाराने चार लोक म्हणजे पोळा धरला. तिथेच चुकले.

पोळ्याचे तोरण पुंडलिकरावांच्या बैलजोडीने आधी तोडायचे, हा त्यांच्या घराण्याचा मान. गाडी त्या जोडीमागे उभी होती. इंजिन चालूच ठेवले होते, कारण बंद पडल्यास गावासमोर किका मारणे शोभले नसते. पुंडलिकराव कडाडले, "उघडं जनावर तोरणाखाली घेऊन कुठं चालून राहिले? झूल टाका!" अर्जदार म्हणाला, "मामाजी, हिले वारा लागते." ते म्हणाले, "बैलालेबी लागते. तो बोलून राहिला का?"

वाद नको म्हणून अर्जदाराची पत्नी उर्मिला हिने आपला लग्नाचा शालू गाडीवर पांघरला. शालू सायलेन्सरला चिकटून पेटला, घाबरून अर्जदाराच्या हातून क्लच सुटला, आणि बैलांच्या आधी गाडीने तोरण तोडले.

पाळी सोडून तोरण तोडणारे जनावर कोंडवाड्यात, असा पंचांनी तिथेच निवाडा केला. कोंडवाडेदार जनावराचा दाखला मागतो. गुरांचे डॉक्टर लिहून देतात, तपासले, नाडी नाही. परिवहन कार्यालय म्हणते, गाडी समोर आणा, मग कागद. अर्जदार पुंडलिकरावांच्या पाया पडला. ते म्हणाले, "माह्या नोको, बैलाच्या पड." पडला. बैलाने काहीच सांगितले नाही.

वैरण मालकाने घालायची, असा कोंडवाड्याचा नियम. म्हणून उर्मिला रोज गवताची पेंढी नेते आणि त्या निमित्ताने गाडी पुसून येते. पेंढी कोंडवाडेदाराची म्हैस खाते.

तरी कुलूप काढण्याचा हुकूम व्हावा. नाही झाला तर शेठ दुसरा मेकॅनिक पाहतील. पुंडलिकरावांचा मान राहिला, पंचांचा शब्द राहिला, म्हैस अंगाने भरली. भरपाई मात्र एकट्या उर्मिलाने केली: शालू गेला, बापाने माहेरचे दार लावले, डोक्यावर पेंढी आली. आधीच्या दोन्ही अर्जांत तिचे नाव नव्हते, म्हणून या अर्जात लिहिले.

आपल्या कचेरीच्या पायरीवर बसलेला, नम्र,
मुकुंद चिं. कळंबे
दि. २२ सप्टेंबर १९८६

सोबत:
१) गुरांच्या डॉक्टरांचा दाखला.
२) जळक्या शालूचा काठ. पाहून परत मिळावा. तिने मोजून दिला आहे.