वहीत आत्या आणि अर्जात इतिहास

ती. नवनीतमामा यांना चेतनाचा वाकून नमस्कार.

तुम्ही, मामी आणि पोल्ट्रीतली सगळी पिल्लं ठणठणीत असाल अशी आशा. (मागच्या पत्रात पिल्लांची चौकशी राहिली म्हणून आई रागावली होती.) इकडे सगळे बरे आहेत, आप्पा सोडून. त्यांचं दुखणं म्हणजे मी.

मामा, मला अकरावीला इतिहास घ्यायचाय! दहावीला ब्याण्णव टक्के पडल्यापासून आप्पा मला गावभर डॉक्टरीण म्हणत फिरतात. (शेजारच्या हिलालकाकांनी तर परवा मला गुडघा दाखवला.) मी 'कला शाखा' म्हटलं की ते उठून केळीला पाणी सोडायला जातात. आठवडाभरात बागेचा पार चिखल झालाय.

अशात सहा वर्षांनी आपला करणसिंग भाट आला, वंशावळीची वही लाल कापडात गुंडाळून. तो पिढ्यांची नावं वाचतो, नव्या मुलांची नोंद करतो आणि जेवून जातो. आप्पांची थोरली बहीण, आपली तापीआत्या, खास बोरदहून लाडू वळायला आली. भाटाने पहिलं पान उघडलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. चौदा पिढ्या! आमचा मूळपुरुष भर पुरात घोड्यावरून तापी ओलांडून आला, हे आप्पांनी आम्हाला लहानपणापासून ऐकवलंय. वहीत निघालं की त्याची म्हैस पोहत या काठाला आली आणि हा तिच्यामागे. घोडा कुठेच नाही. आप्पा म्हणाले, घोड्याच्या जागी वाळवी लागली असेल. मी पान उजेडात धरून दाखवलं, एक भोक नव्हतं. खरं सांगते, एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मग आजोबांचं पान आलं. त्यांच्या नावाखाली एकच मूल, पितांबर, म्हणजे आपले आप्पा. मी विचारलं, आत्या कुठे आहे? भाट म्हणाला, "पोरीस्नं नाव वहीमा ऱ्हास नही." हे आत चुलीपर्यंत ऐकू गेलं. आत्या बाहेर आली, त्याच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "मंग लाडू बी ऱ्हास नही."

आप्पा आधी हसले. मग त्यांनी तिचे डोळे पाहिले. आजी गेली तेव्हा आप्पा चार वर्षांचे होते, आणि त्यांना सांभाळायला आत्याने शाळा सोडली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आप्पा भाटाकडे वळून म्हणाले, "लिखा. माय शे ती मन्ही." भाट रीतीबद्दल बरंच बोलला, पण ताटाकडे बघत त्याने लिहिलं. पाठोपाठ माझंही नाव लागलं. हल्ली वहीत शिक्षणही घालतात, म्हणून त्याने ते विचारलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि कसनुसं तोंड करून म्हणाले, "लिखा, इतिहास."

मामा, मी अंगणात नाचले! वहीतलं कधी खोडत नाहीत.

मामींना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.
तुमची,
चेतना

ता. क. वहीतलं खोडत नाहीत, पण आम्ही भरलेल्या ऑनलाइन अर्जातली कला शाखा सोमवारपर्यंत बदलता येते आणि ओटीपी आप्पांच्या मोबाइलवर येतो. आत्या आज सकाळी बोरदला गेली. आप्पा पुन्हा केळीला पाणी देताहेत. रविवारी या आणि सोमवार उलटेपर्यंत राहा.

आणखी एक. विज्ञान घेऊन काय होतं हे आप्पांना पटवताना मी तुमच्या बीएस्सीचं आणि कोंबड्यांचं उदाहरण दिलंय. आल्यावर त्यावर बोलू नका.

शेवटचं. तुमच्या घराची वहीही भाटाच्याच पिशवीत होती, ती मी उघडायला लावली. त्यात तुम्ही एकुलते एक आहात. तुमच्यासाठी भरलेला लाडवांचा डबा तेवढा आईने परत फडताळात ठेवला. भाट उद्या तुमच्याकडे नवापूरला पोचतोय.