एका बकरीची पाच घरं

आई, आज मी तुझ्या बकरीची गोष्ट भर ऑफिसात सांगितली. तुझी कसली, शेजारच्या काकूंची. आपल्याकडे ती जेमतेम अर्धा तास होती. ऐकायला युगांडाहून आलेल्या अकरा बायका होत्या. गरीब बायकांचे गट करून त्यांना छोटी कर्जं द्यायची, हे आमच्या संस्थेचं काम आता तिकडेही सुरू होणार आहे, म्हणून त्या आमच्या प्रताप नगरच्या ऑफिसात शिकायला आल्यात. ज्या वस्तूसाठी कर्ज घेतलं ती घरात आहे का हे कसं तपासायचं, ते मी त्यांना शिकवायचं होतं. मोबाइलवर फोटो कसा काढायचा इथपर्यंत आले आणि मनाने सरळ आपल्या उमरेडच्या घरी जाऊन पोचले.

तुमच्या गटातल्या पाच जणींनी बकरीसाठी म्हणून बँकेचं कर्ज घेतलं होतं. बकरी घेतली एकट्या काकूंनी. बाकीच्यांत कुणाचं छप्पर झालं, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, आणि तुझे पैसे माझ्या नागपूरच्या कॉलेजात गेले. बँकेचे साहेब बकऱ्या बघायला येणार म्हटल्यावर तुम्ही ठरवलं, एकच बकरी पाचही घरी दाखवायची. मी सुट्टीत घरी आलेली, म्हणून मागच्या बोळातून तिला पळवायचं काम माझं. जमलंही असतं गं. पण काकू पडल्या देवभोळ्या. साहेब येणार, दारची लक्ष्मी बघणार, म्हणून त्यांनी सकाळीच बकरीला हळदकुंकू लावलेलं, तेही हात सैल सोडून. मी तिला ओढत आपल्या अंगणात आणते आणि तू कपाळाला हात लावतेस. "अवं, हे त पूस आधी!" म्हणतेस आणि थांबत नाहीस, स्वतःच ओल्या पदराने घासायला लागतेस. ते कुंकू कपाळावरून नाकावर येतं, नाकावरून हनुवटीला. साहेब फाटकातून आत येतात तेव्हा खुंट्याला एक लालबुंद तोंडाची बकरी तुझा खराटा खात उभी असते.

"बाई, या गल्लीतल्या बकऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात हो," साहेब म्हणाले.

"एकाच मायच्या हायेत, साहेब," तू म्हणालीस. पापणीसुद्धा हलली नाही तुझी. पाचव्या घरी तर बकरी साहेबांना ओळखून स्वतःच त्यांच्याजवळ गेली. साहेबांनी पाचही कागदांवर सह्या केल्या, चहा घेतला, आणि निघताना म्हणाले, "हप्ता चुकवू नका. आणि तिला पाणी पाजा, दमली असेल बिचारी." ते गेल्यावर मी पोट धरून हसत सुटले. तू मात्र हसली नाहीस. "दात काय काढून राहिली वं? तोंडानं खोटं बोललो, आता हप्ता त खरा भरा लागन." दुसऱ्या दिवसापासून तू मिरचीचे देठ खुडायला जायला लागलीस. संध्याकाळी हाताला तेल चोळायचीस, ताकात बोटं बुडवायचीस, तरी आग जायची नाही. मी सुट्टीत आले की मला मनगटांनी जवळ घ्यायचीस, माझ्या तोंडाला लागू नयेत म्हणून बोटं लांब धरून. हप्ता तुझा एकही चुकला नाही.

तर ही गोष्ट ऐकून आमची दुभाषी आधी स्वतःच हसली, मग तिने त्यांना सांगितली, मग त्या हसल्या. त्यातली एक जाडजूड बाई डोळे पुसत म्हणाली, आमच्याकडे अशा घरोघर फिरवायला कोंबड्या होत्या, कोंबड्यांचं बरं असतं, टोपलीत मावतात. आई, तू असतीस तर तिला नक्की जेवायला घरी नेलं असतंस.

हसले नाहीत ते फक्त आमचे साहेब. ते मागच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या टेबलावर माझा एक अहवाल दोन दिवस पडून होता. झालं होतं असं की गेल्या आठवड्यात मी पारशिवनीकडच्या एका गावी तपासणीला गेले. दोघींनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेलं. पहिल्या घरी मशीन दिसली, तिच्या कव्हरवर दोन हिरवे पोपट भरलेले. चहा पिऊन दुसऱ्या घरी गेले तर तेच पोपट माझ्याआधी हजर, आणि घरवाली धापा टाकत पदराने वारा घेतेय. मी काही विचारायच्या आत तीच रडकुंडीला आली. "मॅडम, पैसे पोरीच्या नर्सिंगले भरले. माह्यापायी साऱ्या गटाचं कर्ज अडकवू नका." आमचा नियमच तसा आहे, एकीची वस्तू सापडली नाही तर गटातल्या दहाही जणींचं पुढचं कर्ज थांबतं. तिला पुढच्या कर्जातून पोरीची परीक्षा फी भरायची होती. फोटो काढून गप्प बसणं मला सोपं होतं. पण तुझ्या त्या बँकेच्या साहेबांना नुसती सही करायची होती, फोटोत बकरीचं लाल तोंड लपवावं लागत नव्हतं. माझ्या फोटोत पोपट आले असते. मी खरं लिहिलं. मशीन नाही. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हप्ते सगळे वेळेवर. गटाला पुढचं कर्ज द्यावं.

पाहुण्या जेवायला गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. माझी नोकरी जाते की काय असं वाटलं. त्यांनी विचारलं, "असं लिहायला आपल्या फॉर्ममध्ये रकाना कुठे आहे?" मी म्हटलं, "मग करू या ना सर. युगांडाचे फॉर्म अजून छापायचेच आहेत." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग विचारलं, "त्या बकरीचं पुढे काय झालं?" संध्याकाळी पारशिवनीचं कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. आनंदाने मी कोपऱ्यावरून गरम जिलेबी घेतली आणि उभ्या उभ्या एकटीनेच संपवली.

हे पत्र टाकायला आता तुझा पत्ता उरला नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं, कारण आज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी एक गोष्ट गाळली. हॉस्टेलमध्ये मी मैत्रिणींना सांगत असे की मला स्कॉलरशिप आहे. बकरीच्या कर्जावर शिकते म्हणायची लाज वाटायची. तू डबा घेऊन आलीस त्या दिवशी माझी रूममेट तुला म्हणाली, "काकू, तुमची मुलगी फारच हुशार, स्कॉलरशिप मिळते तिला."  तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "हो वं, लय हुशार हाये," म्हणालीस आणि जाताना मनगटांनी मला जवळ घेतलंस. आज त्या पाहुण्या बायकांनी विचारलं होतं, बकरीमुळे शिकलेल्या मुलीने आईला काय दिलं. मी म्हटलं, पहिल्या पगाराचं लुगडं. ते खरं आहे. पण तुझी माफी मी कधी मागितली नाही, आणि आजही ती मी त्यांच्यासमोर मागू शकले नाही.