बुवांचं व्हायोलिन कुणी लावायचं

३ डिसेंबर १९५७, मंगळवार. अमरावती
फ्रेंच मॅडमकडे चौथी शिकवणी. (पुढे नुसतं मॅ. लिहीन.) नवरा गिरणीत यंत्रं बसवायला आलाय, वर्षभर आहेत. तिकडे पंधरा वर्षं व्हायोलिन शिकवत होत्या. इथे शिष्य चार, त्यात मी सगळ्यात मोठी, शाळामास्तरीण! मला उभं करतात. नऊ वर्षं अकोल्याला बुवांकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवलं. आता आधार काय तर हनुवटी. सारखं वाटतं, पडतंय. पण उभ्यानं गज पार टोकापर्यंत जातो. तिथे काय आहे, बघायचंय.

८ डिसें., रविवार. अकोला
बुवांकडे. रिवाजाप्रमाणे आधी त्यांचं व्हायोलिन सुरात लावून ठेवलं. हे शिष्याचं काम, कधी चुकवलं नाही. मग मॅ.चं सगळं सांगून टाकलं. बुवा पानाला चुना लावत होते, थांबले.
"उभ्यानं? लग्नाच्या बँडात जातं का?"
"बुवा, नुसतं पाहते आहे—"
"दोन दरवाजे नाई चालत. तिचं धर, नाईतर माहं धर."
नऊ वर्षांत असं बोलले नव्हते. मोटारीत रडले. शेजारच्या बाईनं संत्रं सोलून दिलं.

१२ डिसें., गुरुवार
हाय रे देवा! मॅ.कडे लवकर पोचले. त्या आत चहा करत होत्या, व्हायोलिन पेटीबाहेर. सवयीनं उचललं आणि लावून ठेवलं. आपल्या षड्ज-पंचमात! त्यांच्या तारा वेगळ्याच सुरांत असतात, हे माहीत असून. त्यांनी गज ओढला आणि दचकल्या. मी कानकोंडी. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्यात गुरूचं वाद्य शिष्य लावतो. रागावल्या नाहीत. पुन्हा सांग म्हणाल्या. चक्क फरशीवर बसल्या; मांडी जमेना, पाय लांब. तासभर मलाच विचारत होत्या, हे असं का नि ते तसं का. शेवटी म्हणाल्या, तुझ्या गुरुजींना भेटायचंय.
मेले.

१७ डिसें., मंगळवार
आई: "बुवा हाकलून देतीन, मंग बस बोंबलत."
खरं आहे. बुवा सुटले तर मला दुसरं घर नाही. मॅ. काय, वर्षानं जाणार. पण दोघं समोरासमोर बसली तर काय होईल, हे बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. खोडच माझी.

२२ डिसें., रविवार. अकोला
नेलं. बुवा 'या' म्हणाले नाहीत, 'जा'ही नाही. मी व्हायोलिनला हात घालणार तोच मॅ.नी उचललं. शिष्याचं काम त्या करणार! खुंट्या पिळल्या, वाकून दोन्ही हातांनी बुवांपुढे ठेवलं. आणि लावलं कसं? त्यांच्याच पद्धतीनं! हाताची सवय, माझ्यासारखीच.
बुवांनी गज ओढला. वाटलं, आता फेकतात. पुन्हा ओढला. मान वाकडी करून ऐकलं.
"हे कोनचं गाव हाय?"
हे सूर कुठले ते विचारतायत, असं मी मॅ.ना इंग्रजीत सांगते तोवर बुवांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. चहा मिळाला.

२७ डिसें., शुक्रवार
बुवांचं कार्ड. 'बाईनं लावलं तसंच हाय. उतरवलं नाई. रोज थोडं वाजवून पाहून राहिलो. रविवारी एकटी ये. उभ्यानं वाजवून दाखव. मंग सांगतो.'
काय सांगणार, ते नाही. बुवांसमोर आजवर उभी राहिले ती नमस्कारापुरती. मघाशी आरशापुढे उभं राहून वाजवून पाहिलं. आईला म्हटलं, भीती वाटते.
आई: "मंग कावून जातेस?"
परवाची पहिली मोटार धरायची.