मागची चाकं सुटेनात

२ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाल्याची सुटली. माझी अडकली.

रविवारच्या फेरीत गाडी खुंट्यांना न लागता न्यायची असते. खाणीतल्या तिसऱ्या खुंटीपाशी कातळ असा वळतो की आमच्या रिमोटच्या गाड्यांना तिथं वळताच येत नाही. चारही चाकांना जोर. पुढची वळायला बघतात आणि मागची आपली सरळ ढकलत राहतात, गाडी जाऊन खुंटीला चिकटते आणि गुण जातात. उपाय सगळ्यांना माहीत आहे – मागच्या ॲक्सलचा जोर हवा तेव्हा तोडायचा. मागची मोकळी झाली की पुढची चाकं गाडीचं नाक ओढून वळवतात. माहीत सगळ्यांना, पण बनवायला घेतलं मी. सहा महिने सगळ्यांना सांगत होतो, बनवतोय, बनवतोय.

आज माझी गाडी कातळावर नेली, बटण दाबलं. काही नाही. जोर तोडणारी आतली छोटी सर्व्हो मोटर नुसती कण्हत राहिली.

तेवढ्यात चष्मेवाला म्हणतो, "दादा, मी पण एक खटपट केलीय. बघा बरं, जमलंय का." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, या नादाला लागून वर्ष झालं नाही. त्याची गाडी जागच्या जागी वळली, पाळीव असल्यासारखी. गुण लिहिणारे आमचे पोस्टमन वही काखेत धरून टाळ्या वाजवत होते.

मीही वाजवल्या. हात वाजवत होते, मी नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कॉलर नवा कापला. वस्तू बोटाच्या पेराएवढी – दोन शाफ्टच्या मध्ये सरकणारी दातेरी कडी. इकडं असली की मागची चाकं जोडलेली, तिकडं ओढली की मोकळी. पंपांचे शाफ्ट कापण्यात माझं आयुष्य गेलं. हे काय अवघड आहे?

घरी टेबलावर गाडी उचलून धरली की कॉलर लोण्यासारखा सरकतो. तीच गाडी पाटावर चढवली, चाकांना जोर दिला, बटण दाबलं – ठप्प.

ही शिलाई मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, डिसेंबरातही दोनदा सांगितलं, आधी जोर सोडा की जरा. बॉबिन भरायची तर मलाही सुई सोडवावी लागते ना, तेव्हा आधी पाय उचलते मी. पाय दाबून ठेवला तर ते चाक सुटत नाही."

मी म्हटलं, तुझं मशीन वेगळं, हे वेगळं.

"असेल बाई," म्हणाली आणि कातरीनं दोरा तोडला.

दोष धातूतच आहे. दातांना कुठंतरी कोर राहिली असणार. उद्या कानस मारतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार हा हिचा चष्मेवाल्याच्या दुकानात जायचा वार. चष्मे ठेवायच्या कापडी पिशव्या ती त्याला शिवून देते. आधी मला त्याचं काही वाटत नसे.

आज नवा चष्मा घालून आली. "त्यांनीच फ्रेम निवडली. म्हणाले, वहिनी, तुम्हाला गोल नको, जरा चौकोनी शोभेल." शोभत होतीच. मी म्हटलं, ठीक आहे.

"तुम्हीही एकदा डोळे दाखवा की. सुईत दोरा ओवायला मला बोलावता आणि त्या कॉलरचे दात कसे दिसतात तुम्हाला?"

त्याच्या खुर्चीत बसून, त्यानं दाखवलेली अक्षरं मी वाचायची? मग आंधळा झालेला बरा.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तोच पहिला.

खरं लिहितो. तो खुंट्यांपाशी आला तेव्हा मी देव पाण्यात घालून बसलो होतो. त्याचा कॉलर तुटावा, सर्व्हो जळावी, निदान बॅटरी तरी उतरावी. आजवर देवाकडं मुलीचं बाळंतपण सुखरूप मागितलं, आईला त्रास न होता मरण मागितलं. आणि आज हे मागितलं. संध्याकाळी दिवा लावताना मान वर करवेना.

तो जाताना म्हणाला, "दादा, तुमची कधी दाखवताय?" कानामागून आला आणि तिखट झाला. पण बोलताना चेहऱ्यावर खोट दिसली नाही, तेच जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दातांना कानस मारली. जोर दिला की अजून अडकतो. परत मारली. बल्ब जवळ ओढला, कॉलर हातभर लांब धरला तेव्हा कुठं दात दिसले. पातळ झालेत, पण थोडे.

ही बाजूला येऊन उभी राहिली. "मी सांगितलं होतं ते केलंत का? बोट सैल सोडायचं, मग बटण."

म्हटलं, "धातूचं काम आहे गं हे, चोळी-परकर नव्हे."

बोललो आणि मलाच ऐकू आलं. ती आत गेली. आतून भांड्यांच्या आवाजातून एवढंच आलं – "नाचता येईना, अंगण वाकडं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उशिरा आली. पिशव्या द्यायला इतका वेळ लागतो? विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुटला! पाट उभा केला, चाकांना पूर्ण जोर दिला, बटण दाबलं आणि कॉलर टक्कन बाहेर. दातांच्या कडा कानशीनं उतरत्या झाल्या म्हणून जमलं असावं. मी आधीपासून म्हणत होतो, दोष धातूत आहे. खाणीवर मुद्दाम गेलो नाही. येत्या रविवारी मोठी फेरी आहे, तेव्हाच बघू दे त्याला.

हिला बोलावून दाखवलं. तिनं कॉलर बोटात धरून चष्म्यातून नीट पाहिला. "याचे दात झिजल्यासारखे वाटतात," म्हणाली.

तिला सगळं त्याचंच बरं दिसतं, माझं काही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहू नये असं वाटतं, पण दुसरं कोणाला सांगू?

कारखान्यातून लवकर सुटलो आणि पाय आपोआप चष्मेवाल्याच्या गल्लीकडं वळले. समोरच्या पायऱ्यांपाशी थांबलो. काचेतून आतलं सगळं दिसतं. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर चष्म्यांची खोकी रचून डोंगर केला होता आणि त्यावर गाडी चढत होती. रिमोट हिच्या हातात. तो शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता. गाडी खोक्यांसकट कोसळली आणि ही हसली. तोंडावर हात न घेता. असं हसताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं?

पंधरा वर्षं मी खाणीवर जातोय. ती डबा घेऊन येते, दगडावर बसते, डबा घेऊन परत येते. मी तिच्या हातात रिमोट कधी दिला नाही. तिनंही मागितला नाही.

ती घरी आल्यावर विचारलं, उशीर झाला? म्हणाली, "नवीन पिशव्यांचं माप घ्यायचं होतं."

खोटं बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे मला कळावं म्हणूनच इतकं वाईट बोलली का? की मी आता असले अर्थ काढायला लागलोय?

दिवा लावला. काही मागितलं नाही. काय मागावं तेच कळेना.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठी फेरी. सगळं लिहितो.

माझी पाळी आधी. पहिल्या दोन खुंट्या स्वच्छ. तिसरीपाशी चढ सुरू झाला, अजून बटणाला बोट लावलं नव्हतं, तोच आतून टक्क असा आवाज. कॉलर आपणहून बाहेर! मागची चाकं मोकळी, पुढच्यांना चढ पेलेना, गाडी उलटी घरंगळत खालच्या चिखलात. पोस्टमन हळूच म्हणाले, "बाद."

कानशीनं दात उतरते केले ते मीच. उतरत्या दाताला जोर बसला की तो घसरून बाहेर पडतो, हे नवशिक्या कामगारालाही मीच शिकवतो. किती उतरले ते मला दिसलं नाही. खरोखरच दिसलं नाही.

मग चष्मेवाला. या वेळी त्याची गाडी सोडून त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. वळणाशी आला, अंगठा क्षणभर सैल. गाडी थबकली. मग बटण. मग पुन्हा जोर. गाडी वळली.

फेरी संपल्यावर मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "उघडून दाखवशील?" नाही म्हणेल असं वाटलं होतं, त्यानं लगेच खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. आतला कॉलर पाहिला आणि हसावं की रडावं कळेना. माझ्या पहिल्या कॉलरसारखाच – आणि एक दात चक्क वाकडा!

"हा अडकत नाही?"

"अडकतो की. जोर असताना कसा सुटेल? आधी सोडायचा." मग माझ्याकडं पाहून घाबरला. "दादा, तुम्हाला राग तर आला नाही ना? वहिनींनीच सांगितलं मला जानेवारीत. मला वाटलं तुमचीच युक्ती असणार, घरातली गोष्ट बाहेर आली. मी विचारलंही त्यांना, दादांना चालेल का? तर म्हणाल्या, वापरा खुशाल, आमच्याकडं ती कुणी वापरत नाही."

ही दगडावर डब्याजवळ बसली होती. सगळं ऐकू जाईल इतक्या अंतरावर. चष्मा काढून पदरानं पुसत होती, पुसतच होती.

घरी परतलो. दारात कुलूप काढताना मी म्हटलं, "ते त्याला का सांगितलंस?"

"तुम्हाला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला सांगितलं," म्हणाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी देवापुढचा दिवा लावून सरळ तिच्याकडं गेलो. रिमोट पुढं धरला. म्हटलं, पुढच्या रविवारी तू चालव.

तिनं मशीनखालचा कपड्यांचा ढीग बाजूला केला. त्याखाली गाडी. चष्मेवाल्याची जुनी – शिलाईच्या बदल्यात घेतली म्हणे. "पोस्टमननी माझं नाव लिहून घेतलंय. तुमच्या पुढचंच. फक्त हिची मागची चाकं अजून सुटत नाहीत. त्यांचा तो वाकडा दात मला नको. कॉलर तुमच्या हातचा हवा."

मी तिची गाडी उचलून मागचा ॲक्सल चाचपला.

ती पायडलवर पाय ठेवत म्हणाली, "आणि आधी डोळे दाखवून या. चष्मा लावून कापा."

गुरुवारी जातोय.