अजून एक शोधा

मंगळ., ८ जुलै
नोटीस लागली. दुसऱ्या वर्षाला ज्या विषयाला सहापेक्षा कमी मुलं, तो विषय बंद. तत्त्वज्ञानाला आम्ही पाच. कॉलेजच दोन मजल्यांचं, मुलं आणायची कुठून? पाचातली कृपा रडवेली. "सरांचं काय होणार गं?" सर कॉन्ट्रॅक्टवर. विषय गेला की तेही गेले. मी छातीठोकपणे म्हटलं, सहावा मी आणते. तेव्हा बॅगेत माझाच विषय बदलायचा फॉर्म होता. मूर्ख कुठली.

बुध., ९ जुलै
फॉर्मचं काय झालं, बाबांनी पुन्हा विचारलं. साकीनाक्याच्या युनिटमध्ये बाबा वर्षानुवर्षं मशीनवर उभे. तिथला सेठ म्हणालाय, पोरीला मॅनेजमेंट घेऊ दे, मग ऑफिसात घेतो. "सेठाक शब्द दिलंय मी. तुझ्या त्या तत्त्वज्ञानातला माका काय कळणा नाय." ओरडले असते तर भांडले असते. गुडघ्याला तेल लावत शांतपणे बोलले. भांडणार कशी?

गुरु., १०
तत्त्वज्ञानाच्या एकाच वर्गात मी तोंड उघडते, हे बाबांना कसं सांगू? बाकी सगळीकडे इंग्लिश फाडणारी मुलं. पहिल्या वर्षाचे सुरुवातीचे महिने नुसती मान हलवत काढले. मग सर एकदा म्हणाले, "मराठीत बोल ना. मला कळतं." तेव्हापासून बोलतेय. भांडतेसुद्धा.

शुक्र., ११
घाण काम केलं आज. विषय सोडायला सरांची सही लागते. समोर जाऊन मागायची हिंमत नव्हती. लायब्ररीच्या पाच चिठ्ठ्या सहीला न्यायच्या होत्या, त्यांच्याखाली फॉर्म सरकवला. सर कृपाशी बोलत उभ्याउभ्याच सह्या करत गेले. सगळ्यांवर केल्या. गठ्ठा परत देताना म्हणाले, "जेवलीस का?" एवढंच. लाज वाटली. अजून वाटतेय.

सोम., १४
जिग्नेश पटला! घाटकोपरचा, विषय ठरला नव्हता. अट एकच, सकाळचं लेक्चर नको. आमचं दुपारी दोनचं. झकास! वर्गात कृपा ओरडली, "सर, सहा झालो!" सरांनी जिग्नेशला खुर्ची दिली. म्हणाले, "छान. अजून एक शोधा."
"सर, सहाच लागतात ना?"
"हो. अजून एक शोधा."
सगळे हसले, सरांचं गणित कच्चं म्हणून. मी वहीत बघत बसले. म्हणजे सरांनी फॉर्म वाचला होता. वाचून सही केली.

बुध., १६
कँटीनमध्ये चार जणांचे पाय धरले. कुणी नाही. कृपा म्हणते, "तू किती करतेस यार सरांसाठी." स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.
सरांना जिन्यात गाठलं. "सर, तो फॉर्म..."
"सही केलीय ना मी?"
"मग बोलला का नाहीत काही?"
"बोललो असतो तर तू माझ्यासाठी थांबली असतीस." आणि गेले खाली. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

गुरु., १७
बाबांनी आज स्वतःहून विचारलं, "थंय शिकवतत तरी काय?" सांगितलं. मागच्या आठवड्यात वर्गात वाद होता, दिलेला शब्द पाळायलाच हवा का. बाबा तेलाची बाटली ठेवून सरसावून बसले. "पाळूकच व्हयो!" मी म्हटलं, का? त्यांनी कारण दिलं. मी खोडलं. त्यांनी दुसरं दिलं. तासभर! आई वैतागून ताटं घेऊन उभी. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याशी असं बोलत होते. मग मी विचारलं, "आणि दुसऱ्याच्या वतीने दिलेला शब्द?"
आईच्या हातातलं ताट घेतलं. म्हणाले, "जेव आता."

शुक्र., १८
ऑफिसबाहेरच्या बाकावर. फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस, चारला खिडकी बंद. सातवा कुणी मिळाला नाही. मांडीवर फॉर्म. सरांची सही नीट, सावकाश केलेली, खाली तारीखपण. घाईत केलेली नाहीच. मीच बघितलं नव्हतं.
बाबांचा मेसेज: सेठ विचारतत. त्यानंतर अजून एक: तू सांग काय सांगू.
तीन छप्पन. खिडकीतल्या ताईंनी डोकं बाहेर काढलं. "काय गं, द्यायचंय का काही?"
म्हटलं, दोन मिनिटं.