मांड लावलेला फिल्टर

हुडको, भिलाई
५ डिसेंबर १९८९

ती. कमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

गोंदियाले सुखरूप पोचली असशील. इकडे तू काय करून गेली ते ऐक. रविवारी साधनानं व्हॅक्यूम क्लीनर चालू केला, तर मशीन नुसती ओरडून राहिली, धूळ काही ओढेना. मग जळका वास सुटला अन् बंदच पडली. मिस्त्रीनं उघडलं तर आतला कापडी फिल्टर पापडासारखा कडक. याले मांड कोणी लावला, म्हणून तो हसत सुटला.

सुती कापड दिसलं की भाताच्या मांडात बुडवायचं, हे कुठलं शहाणपण? त्यातून हवा जावी लागते. साधनाच्या दम्यासाठी मी ही मशीन आणली, झाडूची धूळ तिच्या नाकात जाऊ नये म्हणून. एकदा विचारलं कावून नाही? यापुढे माझ्या मशीनीले हात लावू नको. बाकी घर तुझंच आहे, येणं तोडू नको.

तुझा,
श्याम

गोंदिया
१२ डिसेंबर

चि. श्यामरावास,
अ. उ. आ.

मांड मीच लावला. चुकलं माझं. आता माझं ऐक, अन् पूर्ण ऐक.

दम्यासाठी मशीन आणली म्हणतोस, तर तो फिल्टर झटकते कोण? तू पेपर वाचत होता अन् साधना मागच्या आंगणात तोंडाले पदर बांधून तो भिंतीवर आपटत होती. आठवडाभराची धूळ एकदमच तिच्या छातीत. मग नळाले धरून उभी राहिली, श्वास घेता येईना, अन् तू आतून चहा मागितला. म्हणून तिच्या हातून घेऊन मी धुतला, अन् लुगड्यांसोबत हाताच्या सवयीनं मांडात घातला.

तुले कावून सांगत नाही, असं मी तिले विचारलं. म्हणते, सांगून झालं, ते म्हणतात खोकला मनाचा आहे. लाज नाही वाटली तुले? मोटार जळली त्याचा वास आला, बायको गुदमरून राहिली ते दिसलं नाही. रुसायचं तर खुशाल रूस, फक्त या बहिणीची माया आटू देऊ नको.

कमलताई

हुडको, भिलाई
२ जानेवारी १९९०

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी वाचून खिशात घातलं. शर्ट धुताना मले सापडलं. वाचून मले तुमचाही राग आला. तुमच्या डोळ्यांनी पाह्यलं होतं, तर त्याच वेळी त्यांच्यासमोर का नाही बोलल्या? मीच उठून चहा केला अन् तुम्हीही घेतला.

मशीन दुरुस्त होऊन आली, आठवडाभर वापरली. काल मी फिल्टर ह्यांच्या हातात दिला अन् सांगतलं, आता हे तुमचं काम. साबण कमी लावा, सावलीत वाळवा, पूर्ण सुकल्याबिगर बसवू नका. तो घेऊन मागच्या आंगणात गेले. आपटायचा आवाज ऐकू येत होता, मग खोकला. आत आले तर डोळे लाल, मिशा राखाडी. दारात बसून पाणी मागितलं.

वन्सं, या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी जागेवरून उठली नाही.

पुढच्या वेळी याल तेव्हा जे दिसेल ते तिथंच बोला, अन् एवढं लिहिलं तरी मले आपलीच समजा.

तुमची,
साधना